पडणाऱ्या वस्तूचा सरासरी व तात्क्षणिक वेग

पडणाऱ्या वस्तूचा सरासरी वेग म्हणजे त्या वस्तूने विशिष्ट कालावधीत केलेले विस्थापन भागिले तो कालावधी; तर तात्क्षणिक वेग (किंवा क्षणिक वेग) म्हणजे पतनाच्या एखाद्या नेमक्या क्षणी त्या वस्तूचा असलेला वेग. एकसमान वेगाने चालणाऱ्या वस्तूच्या बाबतीत या दोन्ही राशींचे मूल्य एकच असते. पडणाऱ्या वस्तूचा वेग मात्र क्षणोक्षणी बदलत असल्याने या दोन राशी भिन्न ठरतात. त्यांच्यातील संबंध उलगडण्याच्या प्रयत्नांतून गतिशास्त्राचा पाया घातला गेला आणि अवकलन या गणितशाखेच्या उदयालाही त्यातून मोठी चालना मिळाली.

स्थिर अवस्थेतून सोडलेली वस्तू जमिनीवर आदळते तेव्हाचा तिचा तात्क्षणिक वेग, हवेचा रोध नगण्य असल्यास, संपूर्ण पतनाच्या सरासरी वेगाच्या बरोबर दुप्पट असतो. उंचीला लागलेल्या वेळेने भागून येणारे उत्तर हाच आदळतानाचा वेग, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे.

व्याख्या

भौतिकशास्त्रात चाल आणि वेग या संज्ञा वेगळ्या अर्थाने वापरतात. चाल ही केवळ किती जलद हे सांगते. वेग हा दिशेसह सांगितला जातो. सरळ खाली पडणाऱ्या वस्तूची दिशा बदलत नसल्याने तिच्या बाबतीत दोहोंचे मूल्य सारखेच येते. या लेखात खालची दिशा धन मानली आहे.

सरासरी वेगासाठी दोन क्षण लागतात: एक आरंभीचा आणि एक शेवटचा. या दोन क्षणांच्या दरम्यान वस्तू कशी गेली, मध्येच मंदावली की जलद झाली, याची नोंद सरासरी वेगात राहत नाही. तात्क्षणिक वेगासाठी मात्र एकच क्षण दिलेला असतो, आणि अडचण तेथेच उभी राहते. एका क्षणाला लांबी नाही. त्या क्षणात वस्तू किंचितही सरकत नाही. मग शून्य अंतराला शून्य काळाने भागून वेग काढावा कसा? इसवी सन पूर्व पाचव्या शतकातील ग्रीक विचारवंत झेनो याने बाणाच्या प्रसिद्ध विरोधाभासात नेमका हाच पेच मांडला होता. उडणारा बाण प्रत्येक क्षणी आपल्या जागी स्थिरच असतो, तर तो उडतो केव्हा, असा त्याचा प्रश्न होता.

मुक्त पतनाचे नियम

केवळ गुरुत्वाकर्षणाच्या प्रभावाखाली होणाऱ्या पतनाला मुक्त पतन म्हणतात. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ मुक्त पतनात वस्तूचा वेग दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका वाढतो. या वाढीच्या दरास गुरुत्व त्वरण म्हणतात. त्याचे मूल्य विषुववृत्ताजवळ सुमारे ९.७८ व ध्रुवांजवळ सुमारे ९.८३ मीटर प्रतिसेकंद वर्ग असते. ते वस्तूच्या वस्तुमानावर अवलंबून नसते.

गुरुत्व त्वरण ‘ग’, वस्तू सोडल्यापासून लोटलेला काळ ‘क’, पार केलेले अंतर ‘अ’ आणि त्या क्षणीचा वेग ‘व’ असे मानल्यास, स्थिर अवस्थेतून सोडलेल्या वस्तूसाठी पुढील सूत्रे लागू होतात:

व = ग × क
अ = ½ × ग × क²
आरंभापासूनचा सरासरी वेग = अ ÷ क = ½ × ग × क

पहिल्या व तिसऱ्या सूत्राची तुलना केली असता तात्क्षणिक वेग सरासरी वेगाच्या दुप्पट असल्याचे लगेच दिसते. पहिल्या चार सेकंदांतील मूल्ये पुढे दिली आहेत (अंतर मीटरमध्ये, वेग मीटर प्रतिसेकंदात):

| सेकंद | त्या सेकंदातील अंतर | एकूण अंतर | आरंभापासूनचा सरासरी वेग | सेकंदाच्या अखेरचा तात्क्षणिक वेग |
|---|---|---|---|---|
| १ | ४.९ | ४.९ | ४.९ | ९.८ |
| २ | १४.७ | १९.६ | ९.८ | १९.६ |
| ३ | २४.५ | ४४.१ | १४.७ | २९.४ |
| ४ | ३४.३ | ७८.४ | १९.६ | ३९.२ |

दुसऱ्या स्तंभातील अंतरे १ : ३ : ५ : ७ या प्रमाणात आहेत. क्रमागत समान कालखंडांत पडणाऱ्या वस्तूने काटलेली अंतरे विषम संख्यांच्या प्रमाणात असतात, हा नियम गॅलिलिओने मांडला.

सरासरीकडून क्षणाकडे

वस्तू सोडल्यापासून बरोबर २ सेकंदांनी तिचा वेग किती, हा प्रश्न घेऊ. या क्षणापर्यंत ती १९.६ मीटर खाली आलेली असते. तात्क्षणिक वेग थेट काढता येत नसला, तरी २ सेकंदांपासून सुरू होणाऱ्या कोणत्याही लहानमोठ्या कालखंडाचा सरासरी वेग काढता येतो. कालखंड क्रमाने लहान करत गेल्यास पुढील मूल्ये मिळतात:

| कालखंड (सेकंद) | कापलेले अंतर (मीटर) | सरासरी वेग (मीटर प्रतिसेकंद) |
|---|---|---|
| २ ते ३ | २४.५ | २४.५ |
| २ ते २.५ | ११.०२५ | २२.०५ |
| २ ते २.१ | २.००९ | २०.०९ |
| २ ते २.०१ | ०.१९६४९ | १९.६४९ |
| २ ते २.००१ | ०.०१९६०४९ | १९.६०४९ |

कालखंड जसा आक्रसतो तसा सरासरी वेग १९.६ च्या जवळ जवळ येतो. हीच कृती अलीकडच्या बाजूनेही करता येते. १ ते २ सेकंदांचा सरासरी वेग १४.७, १.९ ते २ चा १९.११, १.९९ ते २ चा १९.५५१ आणि १.९९९ ते २ चा १९.५९५१ मीटर प्रतिसेकंद येतो. एका बाजूने उतरत आणि दुसऱ्या बाजूने चढत येणारी ही मूल्ये ज्या एकाच संख्येकडे झुकतात, ती संख्या १९.६ होय. तिलाच सीमा असे म्हणतात.

कोष्टक कितीही लांबवले तरी ही खात्री अपुरी वाटू शकते; बीजगणिताने ती पूर्ण होते. कालखंड ‘ह’ सेकंदांचा मानल्यास त्या अवधीत कापलेले अंतर ४.९ × (२ + ह)² − १९.६ इतके असते. कंस सोडवल्यावर ते १९.६ × ह + ४.९ × ह² असे होते. याला ‘ह’ने भागल्यास सरासरी वेग १९.६ + ४.९ × ह इतका मिळतो. येथे ‘ह’ शून्य नसल्यामुळे भागाकार पूर्णपणे वैध आहे. आता ‘ह’ हवा तितका लहान घेता येतो, आणि तो लहान होताना दुसरे पद हवे तितके क्षुल्लक होत जाते. म्हणून सीमा १९.६ मीटर प्रतिसेकंद हीच येते.

झेनोच्या पेचाचे उत्तर येथे मिळते. तात्क्षणिक वेग म्हणजे शून्याला शून्याने भागणे नव्हे. तो त्या क्षणाला वेढणाऱ्या, उत्तरोत्तर लहान होणाऱ्या कालखंडांतील सरासरी वेगांची सीमा आहे. एकट्या क्षणाकडे पाहून वेग कळत नाही. त्या क्षणाच्या शेजारी काय घडते यावरून तो ठरतो. गणिताच्या भाषेत तात्क्षणिक वेग हा अंतराचा काळाच्या सापेक्ष अवकलज होय.

आलेखावरील अर्थ

आडव्या अक्षावर काळ व उभ्या अक्षावर अंतर घेऊन पडणाऱ्या वस्तूचा आलेख काढल्यास तो अन्वस्त या वक्राचा भाग असतो. वक्रावरील दोन बिंदू जोडणाऱ्या रेषेचा चढ हा त्या दोन क्षणांमधील सरासरी वेग दर्शवतो. दुसरा बिंदू पहिल्याकडे सरकवत नेल्यास ही छेदिका हळूहळू कलत जाऊन अखेर स्पर्शिकेशी एकरूप होते. स्पर्शिकेचा चढ हाच तात्क्षणिक वेग.

काळ व वेग यांचा आलेख मात्र सरळ रेषा असतो आणि त्याखालील त्रिकोणाचे क्षेत्रफळ कापलेले अंतर देते. अर्ध्या उंचीचा व तेवढ्याच पायाचा आयत या त्रिकोणाइतक्याच क्षेत्रफळाचा असतो. म्हणूनच संपूर्ण पतनाचा सरासरी वेग अखेरच्या वेगाच्या निम्मा येतो. मात्र ही ‘निम्मेपणाची’ सोय केवळ त्वरण स्थिर असताना आणि वस्तू स्थिर अवस्थेतून सोडलेली असतानाच लागू पडते.

पतनात एक क्षण असा असतोच, की ज्या क्षणी तात्क्षणिक वेग संपूर्ण प्रवासाच्या सरासरी वेगाइतका असतो. मुक्त पतनात हा क्षण एकूण काळाच्या मध्यावर येतो, परंतु त्या वेळी वस्तू अर्धे अंतर उतरलेली नसते. तिने केवळ एक चतुर्थांश अंतर कापलेले असते. तीन सेकंदांत ४४.१ मीटर पडणारी वस्तू १.५ सेकंदांनी १४.७ मीटर प्रतिसेकंद या सरासरी वेगाला पोहोचते, तेव्हा ती ११ मीटरांच्या किंचित अधिक खाली आलेली असते. अर्धे अंतर उतरताना तिचा वेग अखेरच्या वेगाच्या सुमारे ७१ टक्के, म्हणजे सुमारे २०.८ मीटर प्रतिसेकंद झालेला असतो.

इतिहास

चौदाव्या शतकात ऑक्सफर्ड येथील मर्टन महाविद्यालयातील विद्वानांनी असे दाखवले की, एकसमान रीतीने वाढत्या वेगाने जाणारी वस्तू जेवढे अंतर कापते, तेवढेच अंतर मधल्या क्षणीच्या वेगाने सतत जाणारी वस्तू तितक्याच वेळात कापते. फ्रान्समधील निकोल ओरेम याने त्याच शतकात याचे भूमितीय स्पष्टीकरण आकृतीच्या साहाय्याने केले. तथापि हा नियम पडणाऱ्या वस्तूंना लावून प्रयोगाने पडताळण्याचे श्रेय गॅलिलिओ गॅलिली (१५६४–१६४२) याला दिले जाते.

गॅलिलिओलाही योग्य नियम पहिल्याच प्रयत्नात सापडला नव्हता. १६०४ मध्ये पाओलो सार्पी याला लिहिलेल्या पत्रात त्याने वेग हा कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, असे गृहीत धरले होते. पुढे वेग अंतराच्या नव्हे तर काळाच्या प्रमाणात वाढतो हे त्याच्या ध्यानात आले. सरळ पतन इतके जलद होते की तत्कालीन साधनांनी ते मोजणे अशक्यप्राय होते. म्हणून त्याने लाकडी तुळईत गुळगुळीत खाच कोरून ती तिरकी ठेवली आणि तीवरून कांस्याचा गोळा घरंगळत सोडला. काळ मोजण्यासाठी मोठ्या भांड्यातून बारीक नळीने पाणी सोडून, जमलेल्या पाण्याचे वजन केले. या संशोधनाचा समावेश असलेला त्याचा दोन नव्या शास्त्रांविषयीचा ग्रंथ १६३८ मध्ये लेडन येथे प्रसिद्ध झाला.

तात्क्षणिक वेग काढण्याची सर्वसाधारण पद्धत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आयझॅक न्यूटन व गॉटफ्रीड लायब्निझ यांनी स्वतंत्रपणे विकसित केली. त्यांच्या मांडणीतील अत्यल्प राशी शून्य आहेत की नाहीत, यावर जॉर्ज बर्कली याने १७३४ मध्ये कठोर टीका केली. भागाकार करताना ती राशी शून्य नाही असे मानायचे आणि पुढच्याच पायरीवर ती शून्य म्हणून वगळायची, ही विसंगती त्याने दाखवून दिली. या आक्षेपाचे समाधान होण्यास पुढे शतकभराचा काळ लागला. एकोणिसाव्या शतकात ऑग्युस्तँ-लुई कोशी आणि कार्ल वायरस्ट्रास यांनी सीमेची काटेकोर मांडणी केल्यावर ही संकल्पना भक्कम पायावर उभी राहिली.

भास्कराचार्यांची तात्कालिकी गती

क्षणाच्या वेगाचा विचार पडणाऱ्या वस्तूंच्या संदर्भात नव्हे, तर ग्रहगणिताच्या संदर्भात भारतात त्यापूर्वीच झाला होता. भास्कराचार्य (दुसरे) यांचा जन्म शके १०३६ मध्ये (इ.स. १११४) झाला. इ.स. ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथात त्यांनी ग्रहाच्या दोन प्रकारच्या गतींमध्ये भेद केला. आजच्या व उद्याच्या स्थानांतील फरकावरून काढलेली दैनिक गती ही स्थूल होय, कारण दिवसभरात ग्रहाची गती बदलत असते. विशिष्ट वेळेची गती हवी असल्यास त्यांनी ‘तात्कालिकी गती’ वापरण्यास सांगितले. चंद्राची गती जलद व बदलती असल्याने तिथीचा अंत काढताना या भेदाला व्यावहारिक महत्त्व होते. ही गती काढताना त्यांनी ज्येतील अल्प फरक हा कोटिज्येच्या प्रमाणात असतो, या नियमाचा उपयोग केला; आजच्या परिभाषेत ज्येचा अवकलज कोटिज्या असतो असे म्हटले जाते.

भास्कराचार्यांची ही पद्धत विशिष्ट ज्योतिषगणितापुरती होती. सीमेची सर्वसाधारण उपपत्ती त्यांनी मांडली नाही. तरीही सरासरी गती आणि क्षणाची गती या दोन वेगळ्या राशी आहेत याची स्पष्ट जाणीव त्यांच्या ग्रंथात आढळते. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे.

हवेचा परिणाम

वास्तवात पडणाऱ्या वस्तूला हवेचा रोध होतो व तो वेगाबरोबर वाढत जातो. रोध आणि वजन समतुल्य झाले की त्वरण शून्य होते आणि वस्तू स्थिर वेगाने पडू लागते. या वेगास अंतिम वेग म्हणतात. हवा नसती तर १,००० मीटर उंचीवरून येणारा पावसाचा थेंब जमिनीवर १४० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे सुमारे ५०० किलोमीटर प्रतितास वेगाने आदळला असता. प्रत्यक्षात मोठ्या थेंबाचाही अंतिम वेग ९ मीटर प्रतिसेकंदाच्या आसपासच असतो. अंतिम वेग गाठल्यानंतरच्या टप्प्यात सरासरी व तात्क्षणिक वेग पुन्हा एकच होतात.

हवेच्या रोधामुळे ‘दुप्पट’चा नियम मोडतो याचे ठळक उदाहरण म्हणजे ऑस्ट्रियाच्या फेलिक्स बाउमगार्टनर याने १४ ऑक्टोबर २०१२ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात सुमारे ३९ किलोमीटर उंचीवरून मारलेली उडी. छत्री उघडण्यापूर्वी तो सुमारे ४ मिनिटे २० सेकंदांत सुमारे ३६.४ किलोमीटर खाली आला. यावरून सरासरी वेग सुमारे १४० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे सुमारे ५०४ किलोमीटर प्रतितास येतो. त्याचा नोंदवलेला सर्वाधिक वेग मात्र १,३५७.६ किलोमीटर प्रतितास, म्हणजे ध्वनीच्या वेगाहून अधिक होता. विरळ हवेत त्याचा वेग झपाट्याने वाढला आणि खालच्या दाट हवेत शिरल्यावर तो उतरला. त्यामुळे सर्वाधिक वेगाचा क्षण प्रवासाच्या शेवटी नव्हे, तर मध्येच येऊन गेला. तो ध्वनीहून जलद गेला की नाही, हे केवळ सरासरी वेगावरून कधीच कळले नसते.

निर्वात अवस्थेतील पतनाचे उदाहरण जर्मनीतील ब्रेमेन विद्यापीठाच्या पतन-मनोऱ्यात पाहावयास मिळते. येथे हवा काढून टाकलेल्या नळीतून प्रयोगसाहित्याची कुपी सुमारे ११० मीटर खाली सोडली जाते व तिला ४.७४ सेकंद लागतात. सरासरी वेग सुमारे २३.२ मीटर प्रतिसेकंद, तर तळाशी पोहोचतानाचा वेग सुमारे ४६.५ मीटर प्रतिसेकंद (सुमारे १६७ किलोमीटर प्रतितास) असतो. येथे दुपटीचा नियम तंतोतंत पाळला जातो. चंद्रावरही हवा नसल्याने अपोलो १५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट याने २ ऑगस्ट १९७१ रोजी एकाच वेळी सोडलेले हातोडा आणि पीस बरोबरच खाली पोहोचले.

मोजमाप

कोणतेही उपकरण शून्य काळातील वेग मोजत नाही. दोन प्रकाशकिरण तुटण्यातील वेळ मोजणारे साधन असो वा चलचित्राच्या दोन लगतच्या चौकटींमधील अंतर मोजणे असो, प्रत्यक्षात मिळतो तो अत्यल्प कालखंडाचा सरासरी वेगच. शाळांच्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या ठिपके उमटवणाऱ्या यंत्रात, भारतातील ५० हर्ट्झ विद्युत पुरवठ्यावर, कागदी फितीवर दर ०.०२ सेकंदाला एक ठिपका पडतो. फितीला वजन बांधून ते सोडल्यास ठिपक्यांमधील वाढत जाणारे अंतर डोळ्यांना दिसते. त्वरण स्थिर असताना कोणत्याही कालखंडाचा सरासरी वेग हा त्याच्या मध्यक्षणीच्या तात्क्षणिक वेगाइतका असल्याने अशा प्रयोगांतून तात्क्षणिक वेग अचूकपणे काढता येतो.

व्यावहारिक महत्त्व

आघाताची तीव्रता आदळण्याच्या क्षणीच्या वेगावर अवलंबून असते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, तात्क्षणिक वेगाऐवजी सरासरी वेग धरल्यास आघाताची ऊर्जा प्रत्यक्षाच्या केवळ एक चतुर्थांश भासते. बांधकामावर ३० मीटर उंचीवरून निसटलेल्या विटेचा सरासरी वेग ताशी सुमारे ४४ किलोमीटर असतो. खाली उभ्या असलेल्या माणसापर्यंत ती पोहोचते तेव्हा मात्र तिचा वेग, हवेचा रोध सोडल्यास, ताशी सुमारे ८७ किलोमीटर झालेला असतो. शिरस्त्राण, संरक्षक जाळी, उद्वाहकाचे आपत्कालीन गतिरोधक यांची रचना करताना म्हणूनच तात्क्षणिक वेगाचा विचार करावा लागतो.

सामान्य गैरसमज

• अंतर भागिले वेळ म्हणजे आदळतानाचा वेग: हे चुकीचे आहे. या भागाकाराने केवळ सरासरी वेग मिळतो.

• जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा जलद पडते: मुक्त पतनात वस्तुमानाचा वेगावर परिणाम होत नाही. दैनंदिन अनुभवात दिसणारा फरक हवेच्या रोधामुळे पडतो.

• सरासरी वेग म्हणजे अर्ध्या उंचीवरचा वेग: तो अर्ध्या वेळेचा वेग असतो, अर्ध्या उंचीचा नव्हे.

• वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरणही शून्य असते: त्या क्षणी तात्क्षणिक वेग शून्य असतो, परंतु त्वरण ९.८ मीटर प्रतिसेकंद वर्ग इतकेच कायम असते. अन्यथा चेंडू तेथेच तरंगत राहिला असता.

• सरासरी वेग शून्य म्हणजे हालचाल नाही: वर फेकलेला चेंडू पुन्हा हातात येतो तेव्हा त्याचे विस्थापन, आणि म्हणून संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग, शून्य असतो, त्याची सरासरी चाल मात्र शून्य नसते.

हे सुद्धा पहा

• गुरुत्वाकर्षण
• त्वरण
• अवकलन
• न्यूटनचे गतीचे नियम
• गॅलिलिओ गॅलिली
• भास्कराचार्य (दुसरे)